उपनगरांतली सुशी आणि आमची पंगत

परदेशीं गेलेल्या पाहुण्याला देवळें, बागा आणि राजवाडे दाखविणारे पुष्कळ भेटतात. परंतु बिऱ्हाडाच्या आसपास, चार माणसांच्या खिशाला झेपेल असें चांगलें अन्न कोठें मिळतें, हें सांगणारा विरळा. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही तोक्योस कन्येकडे राहावयास गेलों, तेव्हां या गोष्टीचा प्रत्यय आला.

तिचें बिऱ्हाड निशिकासाई या पूर्वेकडील उपनगरांत आहे. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं आलेलीं पुष्कळ भारतीय कुटुंबें येथें स्थिरावलीं; कारण येथून तोझाई मार्गाची आगगाडी थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते. नातीच्या वर्गांतल्या जपानी मुली वाढदिवसाला घरच्या वडीलधाऱ्यांसह सुशी खावयास जातात. “माझ्या वाढदिवसालाही सर्वांनीं यायचें, ताईआजीनेंसुद्धां,” असा तिनें हट्ट धरला. जांवईबापू सारस्वत, त्यांना व नातीला मासळी प्रिय. आमच्या वडील भगिनी ताई मात्र कडक शाकाहारी. ताईंना घरीं ठेवावें तर नात हिरमुसणार. नेऊन उपाशीं बसवावें तर आमच्याच घशाखालीं घांस उतरणार नाहीं.

आम्हीं प्रथम शहराच्या मध्यवस्तींतील एका नामांकित दुकानीं जाऊन पाहिलें. फळ्यावर पदार्थांचीं नांवें होतीं, भाव नव्हते. पदार्थ उत्तम, पण हिशेब ऐकून जांवईबापू क्षणभर गप्प झाले, आणि ताईंनीं चहाच्या दोन पेल्यांवर वेळ निभावली. वाढदिवस येथें करणें नाहीं, हें तेव्हांच ठरलें.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाहीं. सुशी म्हणजे शिरका, मीठ व साखर लावलेला भात. वरचा मासा हें त्याचें तोंडीलावणें. फार पूर्वीं मासा टिकविण्यासाठीं तो भातांत आंबवीत आणि पुढें तो भात टाकून देत. बिवा सरोवराच्या कांठीं अशी सुशी अजून होते. हातानें दाबून लगेच खाण्याची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, रूढ झाली. ती रस्त्यावरच्या टपऱ्यांवर उभ्याउभ्या खाण्याची वस्तु होती. तेव्हां स्वस्ताई हा सुशीचा कमीपणा नव्हे, ती तिची जन्मजात रीत आहे.

तिला पुन्हां स्वस्त केलें तें एका उपनगरानेंच. ओसाकाजवळच्या फुसे येथें, म्हणजे आजच्या हिगाशी-ओसाका शहरांत, शिराइशी योशिआकी यांचें दुकान होतें. गिऱ्हाइकें बहुतेक लहान कारखान्यांतले कामगार. गर्दी मोठी, वाढपी थोडे. बिअरच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ति सुचली, आणि १९५८ सालीं बश्या पट्ट्यावरून गिऱ्हाइकापुढें फिरूं लागल्या. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारें ८ सेंटिमीटर. १९७० च्या ओसाका प्रदर्शनानंतर ही पद्धत देशभर पसरली. शंभर येनची बशी पुष्कळ वर्षें टिकली. २०२२ सालीं मोठ्या दुकानांनींही तो भाव सोडला. २०२३ मध्यें कांहीं उनाडांनीं फिरत्या बश्यांना उष्टे हात लावले, तेव्हांपासून पुष्कळ दुकानांत मागणीप्रमाणेंच बशी पुढें येते.

असेंच एक दुकान नातीनें उपनगरांतच दाखविलें. पारख करण्याच्या दोन-तीन खुणा येथें सांगतों. भात गार व घट्ट नसावा. तो किंचित् कोमट असावा आणि तोंडांत गेल्यावर मोकळा व्हावा. आठवड्याच्या मधल्या दिवशींही आसपासचीं कुटुंबें येत असलीं, तर माल शिळा राहत नाहीं असें समजावें. दुपारच्या भोजनाचे ठराविक ताट बहुधा स्वस्त पडतें. घरीं नेण्याची सुशी हवी असल्यास मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत संध्याकाळीं उशिरां जावें. तेथें उरलेल्या डब्यांवर निम्म्या किंमतीची चिठ्ठी लावतात. तो माल मात्र त्याच रात्रीं संपवावा.

शाकाहारी वाचकांनीं आणखी सावध राहावें. काकडीची सुरळी बहुधा निर्धोक. परंतु गोड शिजविलेल्या भोपळ्याची सुरळी आणि तळलेल्या तोफूच्या पिशवींत भात भरलेली इनारी, हीं दिसावयास शाकाहारी असलीं तरी तीं अनेकदां सुक्या मासळीच्या काढ्यांत शिजवितात. मेजावरील सोयाच्या रसांतही तो काढा असूं शकतो. पथ्याचा तक्ता पाहून हें कळत नाहीं, कारण त्यांत कात्सुओ हा मासा दाखविण्याचें बंधन नाहीं. शिवाय हात आणि सुरी तेथें एकच. हें सारें आम्हीं ताईंना आधींच सांगितलें. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, “पोरीचा दिवस आहे. काकडीचें आणा; सोया नको.” वाढदिवशीं त्या दुकानांत नातीशेजारीं बसून त्यांनीं दोन बश्या काकडी खाल्ली. पांच माणसांची पंगत त्या दिवशीं प्रथमच एका मेजावर बसली.

तो भोपळा मात्र ताईंच्या मनांतून गेला नाहीं. चौकशी केली तों कानप्यो म्हणून ज्या वाळल्या पट्ट्या विकतात, त्या आपल्या दुध्याच्याच जातीच्या फळाच्या! दुसऱ्या रविवारीं त्यांनीं त्या मिठानें चोळून धुतल्या, मऊ उकडल्या, साध्या सोयाच्या रसांत साखर घालून आटविल्या. कन्येनें गरम भातांत शिरका कालवून त्याला वारा घातला. नातीनें समुद्रशेवाळाच्या पातळ पत्र्यावर भात पसरून सुरळी वळली. पहिली सुटली, दुसरी जमली. सर्वांचें पोट भरलें, आणि खर्च त्या मध्यवस्तींतल्या एका घांसाइतका.

“पुढच्या वर्षीं मैत्रिणींनाच घरीं बोलावूं का?” नातीनें विचारलें. ताई सुरी ओली करून पुढची सुरळी कापीत होत्या, त्या म्हणाल्या, “बोलाव. पण पट्ट्या आदल्या दिवशीं आणून ठेव.”