विश्लेषण : गुडघे दुखत असताना वजन कमी कसे करायचे?

‘वजन कमी करा, गुडघ्यांना आराम पडेल’, असे डॉक्टर सांगतात. ‘गुडघेच दुखतात, तर चालू कशी?’ असे रुग्ण विचारतो. या दोन वाक्यांमध्ये अनेकांची, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या महिलांची, वर्षे निघून जातात. दुखते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून वजन जास्त आणि वजन जास्त म्हणून दुखणे आणखी, असे हे चक्र आहे. ते तोडता येते. मात्र त्याची सुरुवात बहुतेकांना वाटते तशी चालण्यापासून होत नाही.

आजार किती व्यापक?

वयानुसार होणारी सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, हे दीर्घकाळच्या गुडघेदुखीचे सर्वांत सामान्य कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा आजार होता. त्यातील ३६.५ कोटी लोकांचा गुडघा बाधित होता. एकूण रुग्णांत महिलांचे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे. वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत, पायांची ठेवण ही कारणे आपल्या हातात नसतात. वजन हे त्यातले बदलता येण्याजोगे मोठे कारण.

वजनाचा गुडघ्यावर नेमका किती भार पडतो?

उभ्या माणसाचे वजन दोन पायांत विभागले जाते. चालताना गणित बदलते. पाय टेकताना शरीराचा भार आणि सांधा स्थिर ठेवण्यासाठी स्नायूंनी लावलेला जोर, दोन्ही गुडघ्यावर येतात. जर्मनीतील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांत संवेदक बसवून हे प्रत्यक्ष मोजले. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक, जिना चढताना तीन पटींहून अधिक, तर उतरताना जवळपास साडेतीन पट भार येतो. रेल्वेचा पूल चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त का बोलतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो वजन घटवलेली व्यक्ती दिवसाला तीन हजार पावले चालली, तर प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार पावले येतात. म्हणजे दिवसभरात एका गुडघ्यावरचा तब्बल ३० टन भार हलका होतो.

प्रश्न फक्त भाराचा आहे का?

नाही. लठ्ठ व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडतात आणि ती सांध्यांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे पोटाभोवतीची चरबी कमी झाली, की भाराबरोबर दाहही उतरू शकतो.

किती वजन घटवावे लागेल?

भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की अतिवजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा मानला जातो. १५८ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही दुसरी रेषा साधारण साडेबासष्ट किलोंवर येते. त्याच उंचीच्या ८० किलोंच्या महिलेला हा आकडा ऐकूनच धीर सुटेल. पण गुडघ्याला आराम पडण्यासाठी तिथवर पोहोचण्याची गरज नसते. सध्याच्या वजनाच्या पाच टक्के घट झाली तरी फरक जाणवू लागतो, दहा टक्क्यांवर तो अधिक स्पष्ट होतो. ८० किलोंसाठी हे लक्ष्य आधी चार आणि मग आठ किलोंचे. महिन्याला दीड-दोन किलो हा झेपणारा वेग आहे.

आहार की व्यायाम?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळाले. ५५ वर्षांवरील, वजन जास्त असलेल्या आणि गुडघेदुखीने त्रस्त ४५४ जणांचे तीन गट करण्यात आले. १८ महिन्यांनंतर केवळ व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी १.८ किलोंनी, केवळ आहार बदलणाऱ्यांचे ८.९ किलोंनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे १०.६ किलोंनी घटले. वेदना सर्वांत कमी झाल्या त्या दोन्ही करणाऱ्यांच्या.

याचा अर्थ असा, की वजन मुख्यतः ताटात कमी होते. व्यायाम लागतो तो गुडघा सांभाळणारे स्नायू बळकट करण्यासाठी. ८० किलोंची व्यक्ती अर्धा तास सावकाश चालली तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात, तर एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. त्यामुळे ‘चालता येत नाही, म्हणून वजन कमी होणार नाही’ हा समज निराधार आहे. गुडघा फार दुखत असतानाही वजन कमी करण्याचे काम सुरू करता येते.

स्वयंपाकघरात काय बदलायचे?

पहिली तपासणी तेलाच्या डब्याची. चार जणांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे २७० कॅलरी केवळ तेलातून जातात. ते अडीच लिटरवर आणले, तर दरडोई रोज शंभर कॅलरी वाचतात आणि त्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. दुसरी तपासणी चहाची. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे साखरेच्याच १६० कॅलरी. सोबतची बिस्किटे, खारी, फरसाण वेगळे.

त्यानंतर ताट. निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ, अंडी किंवा मासे आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात, ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. पोळीऐवजी भाकरी घेतली म्हणून वजन घटत नाही. दोनाऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर ते वाढतेही.

उपवासाने फायदा होतो का?

साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली सहज ४०० कॅलरींची होते. त्यात साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तूप असते, भाजी जवळपास नसते. अशा उपवासाने वजन घटण्याची अपेक्षा ठेवू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दीर्घ उपवास डॉक्टरांना विचारूनच करावेत, कारण रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

अगदी कमी खाण्याचाही तोटा आहे. घटलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या ऊतींचा असू शकतो. मांडीचे स्नायू गेले तर वजन कमी होऊनही गुडघा डळमळतो. म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिने हवीत. मूग, मटकी, हरभरा, दही, ताक, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे यांपैकी काहीही चालेल. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गुडघा दुखत असताना व्यायाम कोणता?

सुरुवात अंथरुणावरून करता येते. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, ती खाली दाबून पाच-सहा सेकंद धरावी आणि सोडावी. दुसरा व्यायाम एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलण्याचा. तिसरा, कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा, कारण कमरेचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा ताण विभागला जातो. आठवड्या-दोन आठवड्यांनी उंच खुर्चीवरून हाताचा आधार घेत उठण्या-बसण्याचा सराव जोडावा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे.

दमछाकीच्या व्यायामासाठी स्थिर सायकल चांगली. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक उंच हवी. पोहता येत नसले तरी जलतरण तलावात चालता येते. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार जवळपास निम्मा होतो. चालायचे असेल तर एकदम पाऊण तासाऐवजी दहा-दहा मिनिटे तीनदा, सपाट रस्त्यावर, मऊ तळव्याचे बूट घालून चालावे. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरली तर भार आणखी कमी होतो. दहा हजार पावलांचा हट्ट, उकिडवे बसणे, वेगाने जिने उतरणे सध्या बाजूला ठेवावे.

दुखले तर थांबायचे का?

व्यायामाच्या सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते, त्याने सांधा झिजत नाही. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना तीन-चारपर्यंत असेल आणि २४ तासांत पूर्ववत होत असेल, तर व्यायाम चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशीही ती चढलेली असेल तर व्यायाम बंद न करता निम्मा करावा. मात्र गुडघा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पायावर भार देता येईना, गुडघा अडकू लागला किंवा पोटरी सुजली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

वेदनाशामक गोळ्या रोज स्वतःच्या मनाने घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होतो. लावायचे औषधी जेल हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्यामुळे वजन आणि रक्तातील साखर दोन्ही वाढतात.

नव्या इंजेक्शनांचा उपयोग?

२०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघेदुखी असलेल्या ४०७ लठ्ठ व्यक्तींना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड किंवा नकली औषध देण्यात आले. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के, तर इतरांचे ३.२ टक्के घटले. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर वेदना अनुक्रमे ४१.७ आणि २७.५ गुणांनी कमी झाली. दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन होते, हे इथे महत्त्वाचे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे दुष्परिणाम आहेत आणि औषध थांबवल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही इंजेक्शने घेऊ नयेत.

वजन घटेपर्यंत उपचार थांबवायचे का?

अजिबात नाही. ‘आधी वजन कमी करा, मग या’ असे ऐकून रुग्ण परत येतच नाहीत, हा यातला सर्वांत मोठा तोटा. वजन जास्त आहे म्हणून सांधेरोपणाच्या सल्ल्यासाठी पाठवणे नाकारू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वजन जास्त असल्यास शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा आणि भूल देण्याचा धोका वाढतो, हेही खरे. त्यामुळे फिजिओथेरपी, वेदनेवरचे औषध आणि आहारातील बदल एकाच वेळी सुरू व्हायला हवेत.

प्रगती मोजताना केवळ वजनकाट्यावर अवलंबून राहू नये. आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कमरेचा घेर आणि त्यासोबत खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, याची नोंद ठेवावी. काटा अडलेल्या महिन्यातही हा तिसरा आकडा वाढत असेल, तर गुडघा योग्य दिशेने चालला आहे.