शंख रिकामा आहे ना?

शंख पातेल्यात टाकण्याआधी तो खरंच रिकामा आहे ना, हे पाहणं या कामातला सगळ्यात मोठा भाग. मावळात तर फारच. भाताच्या खाचरांत आणि तळ्यांत दिसणारी मोठी गोल गोगलगाय, पायला, पाणी आटलं की चिखलात शिरते, तोंडावर झाकण लावून घेते आणि पुढच्या पावसापर्यंत निपचित पडून राहते. मे महिन्यात बांधाशी सापडलेला शंख मेलेला वाटतो आणि आत जीव असतो. झाकण बंद दिसलं की मी तो हलवतसुद्धा नाही. गोगलगायी मारायचं औषध टाकलेल्या शेतातलेही शंख घेत नाही.

हे सगळं घरच्या हर्मिट क्रॅबसाठी. या खेकड्याचं पोट मऊ, त्यावर कवच नाही. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख तो अंगावर वागवतो आणि वाढला की मोठा शोधतो. काचेच्या पेटीत शोधायला किनारा कुठला? बाजारातले रंगवलेले शंख मी आणत नाही. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खेकडा ते खातो.

कोकणातून आणायचे तर गोल तोंडाचा टर्बो उत्तम. पण किनाऱ्यावरचा शंख सावलीत ठेवून थोडं थांबावं. पाय बाहेर आले तर तिथेच सोडावा. रिकामे शंखही मोजकेच घ्यावेत, तिथल्या खेकड्यांना ते लागतात. काही जातींच्या शंखांना तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

वाळू झटकली की शंख साध्या पाण्यात भिजत घालते. आतल्या वेटोळ्यात मांस सुकलेलं असेल तर रोज पाणी बदलत ते मऊ होऊ द्यायचं. मग जुन्या टूथब्रशने घासायचं. साबण नाही, ब्लीच नाही. चिंच-लिंबू तर मुळीच नाही. देवाची पितळी भांडी चिंचेने लख्ख होतात, पण शंख म्हणजे चुनखडी. आंबटाने तो फसफसतो आणि झिजतो.

पातेलं स्टीलचं. तांबं खेकड्यांना विषारी. लोणावळ्यात पाऊस भरपूर, त्यामुळे क्लोरीन नसलेलं पाणी उघड्यावर ठेवलेल्या भांड्यात सहज मिळतं. पत्र्यावरून गळणारं मात्र घेत नाही, त्यात जस्त उतरतं. शंख गार पाण्यात घालूनच गॅस लावायचा, उकळी आल्यावर पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि त्याच पाण्यात निवू द्यायचं. गरम शंखावर गार पाणी पडलं की तडा जातो. कडेला धार असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा धुवायचा.

निथळवायला वेळ लागतो. पाणी वेटोळ्यात अडकतं. शंख फिरवत फिरवत तोंड खाली करावं लागतं. जुलैत इथे ऊन नसतंच, तेव्हा सुती कापडावर पालथे घालते.

एका खेकड्यामागे तीन-चार शंख, आताच्यापेक्षा जरा मोठ्या तोंडाचे. तो नांगी आत घालून चाचपतो, शंख गोल फिरवून पाहतो आणि पटलं तर क्षणात घर बदलतो. सोडलेला शंख मी पुन्हा उकळून पेटीतच ठेवते, कारण काही खेकडे चार दिवसांनी परत त्यातच शिरतात.