बॅटरी की डायनामो?

शेलूबाजारच्या चौफुलीवर सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबला, की दोष बॅटरीवर येतो. समृद्धी महामार्गावर चढण्याआधी गाडी मल्टिमीटरने तपासावी. गाडी काही तास बंद असेल तर भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास असेल तर ती उतरलेली आहे. मग इंजिन चालू करा. आकडा बहुधा 13.8 ते 14.5 वर जायला हवा. जागचा हललाच नाही, तर नवी बॅटरीही दोन दिवसांत बसेल. दोष डायनामोत, सैल पट्ट्यात किंवा वायरिंगमध्ये आहे. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर बॅटरीचं पाणी झपाट्याने आटतं.

त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी पाहा. ती नुसती घासून काम होतं, हे पुष्कळदा घडतं, पण दुकानदार कशाला सांगेल!

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो ‘तपासायची’ जुनी सवय मात्र सोडा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायनामोतले डायोड, नव्या गाड्यांतले संगणकही, जळू शकतात.