गोल कोपऱ्यांची खिडकी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली, २०२५ सालची गोष्ट. बचत गटाच्या कामानं माझं दिघीला नेहमी जाणं असतं. तिथल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ताई, शनिवारी तिसरी-चौथीचा एक तास घ्याल का? वाहतुकीची साधनं चाललीयत. विमान कसं बदलत गेलं ते गोष्टीसारखं सांगा." मी हो म्हटलं खरं, पण मी कला शाखेची. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच संपलेला! चार दिवस मुलाच्या जुन्या पुस्तकांत डोकं घातलं, दुकानातून विमानांचा एक रंगीत तक्ता आणला आणि निघाले.

तक्ता दोन मिनिटांत संपला. मुलांनी पाहिला, "हां" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर खाडी, पलीकडे पावसात पुसट झालेला जंजिरा. मग मीच तक्ता गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "होड्या कशा बदलल्या रे?" झालं! सगळ्यांचे हात वर. आधी वल्ह्याची होडी, मग शिडाची, मग इंजिनाची, आता आगरदांड्याला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. एकानं तर बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांपर्यंत नेऊन पोहोचवलं. म्हटलं, विमानाचंही असंच झालं, ऐका.

अमेरिकेत किटी हॉक नावाचं समुद्रकाठचं गाव होतं. वारा भरपूर आणि वाळू मऊ, म्हणजे पडलं तरी फार लागायला नको. म्हणून सायकलचं दुकान चालवणारे विल्बर आणि ऑर्व्हिल हे राइट बंधू तिथे गेले. १९०० साली ते पहिल्यांदा गेले तेव्हा नुसतं वाऱ्यावर तरंगणारं ग्लायडर करायचं होतं. पंखांना कापड. त्या कापडाची शिलाई विल्बरनं गावातल्या टेट नावाच्या गृहस्थांच्या बायकोच्या शिवणयंत्रावर केली. काम झाल्यावर ग्लायडर तिथेच टाकून भाऊ घरी गेले, तर त्या बाईंनी पंखांचं साटीन काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले! मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. आपणही तेच केलं असतं की नाही?

मग १७ डिसेंबर १९०३. लाकूड, कापड आणि आता छोटं इंजिन. ऑर्व्हिल पंखावर पालथा झोपून उडाला. १२ सेकंद, १२० फूट. पाऊस उघडला तसे आम्ही अंगणात उतरलो आणि टेपनं १२० फूट मोजले. एका टोकाला एक मुलगा, दुसऱ्या टोकाला दुसरा. "एवढंच?" असा एकच ओरडा झाला. अहमदाबादला पडलेलं ते ड्रीमलायनर किंवा तसलं कुठलंही मोठं विमान घ्या, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच जवळजवळ १९७ फूट भरतं, हे तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. पण अहमदाबादचं नाव मी गिळलं. नुसतं 'मोठं विमान' म्हटलं.

एका हुशार मुलानं मध्येच विचारलं, "पण पहिलं विमान तर तळपद्यांनी मुंबईत चौपाटीवर उडवलं ना?" आता ही गोष्ट मी स्वतः पूर्वी मुलांना सांगितलीय, अगदी छाती फुगवून. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते हे खरं. १८९५ साली त्यांचं यंत्र चौपाटीवर उडालं असं सांगतात, पण त्याचा त्या वेळचा खात्रीचा पुरावा नाही. राइटांच्या उड्डाणाचा फोटो आहे. तोही समुद्रातल्या माणसांना वाचवणाऱ्या पथकातल्या एकानं काढला, ज्यानं आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. म्हटलं, "मी आधी चुकीचं सांगायचे, बाळा. मलाही नंतर कळलं." मुलगा जरा हिरमुसला. मीही.

मग आपल्याकडची गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकटेच छोट्याशा पस मॉथ विमानातून जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, म्हणून तेवढे महिने टपालाचं विमान पुण्याहून उडायचं. हे मुलांना लगेच पटलं. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्याही पावसात बंदच असतात! वाटेत टाटा इंधन भरायला थांबले, तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते. कुठे थांबले? माझ्या तोंडून गेलंच, "अहमदाबादला."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील कुवेतला. इथे घरटी नाही म्हटलं तरी बऱ्याच घरांतला कुणी ना कुणी आखातात असतो. ती म्हणाली, "ताई, विमान एवढं चांगलं होत गेलं, मग अहमदाबादला पडलं कसं? माझे अब्बा दिवाळीच्या सुट्टीत येणार आहेत."

वर्गात चिडीचूप. १२ जूनचा तो अपघात शाळा सुरू होण्याच्या जरा आधीचा. २४२ जणांतला एकच वाचला. ते व्हिडिओ या मुलांनी मोबाइलवर किती वेळा पाहिले असतील देव जाणे. बाईंनी माझ्याकडे बघून विषय बदला अशी खूण केली. घरीही आपण हेच करतो ना? टीव्ही बंद करतो, 'असलं बोलू नये' म्हणतो. पण पोरगी उभीच होती.

म्हटलं, "का पडलं ते मला माहीत नाही. चौकशी चालू आहे. पण पूर्वी विमानं पडली तेव्हा माणसांनी काय केलं ते सांगू?"

रद्दी पेपरचे दोन तुकडे घेतले. एकाला मधोमध चौकोनी भोक पाडलं, दुसऱ्याला गोल. दोन-दोन मुलांना टोकं धरून हळूहळू ओढायला लावली. चौकोनी भोकाचा पेपर कोपऱ्यातून टर्रकन फाटला. चौकोनी गळ्याचा ब्लाउज कुठे उसवतो ते आपल्याला सांगायला नको!

१९५२ साली कॉमेट नावाचं पहिलं प्रवासी जेट विमान इंग्लंडहून सुरू झालं. वर हवा विरळ, म्हणून आत हवा भरावी लागते. त्यानं विमानाचं अंग फुग्यासारखं किंचित ताणलं जातं, खाली आलं की सैल होतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं धातूचं झालं. १९५४ मध्ये दोन कॉमेट हवेतच फुटली. शोधणाऱ्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि हजारो वेळा दाब देऊन पाहिलं. तडा गेला तो चौकोनी भोकाच्या कोपऱ्यापाशी. त्यानंतरच्या विमानांच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोल झाले. कॉमेटच्या अपघातांच्या चौकशीतून ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉरन यांना ब्लॅक बॉक्सची कल्पना सुचली. तो काळा नसतो, भगवा-नारिंगी असतो, हे ऐकून मुलं पहिल्यांदा हसली.

ती हसली नाही. "म्हणजे पडल्यावरच सुधारतात?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "पुष्कळदा तसंच झालंय." याहून गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं. विमानात रोज लाखो माणसं बसतात आणि सुखरूप उतरतात, हेही सांगितलं, तेही खरंच आहे. तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही. तास संपला, मुलं त्या गोल-चौकोनी भोकांचे पेपर ओढत, फाडत बाहेर पळाली. वर्गभर कचरा झाला, तो बाईंनी आणि मी झाडून काढला.

दिवाळीनंतर गटाच्या मीटिंगला गेले तेव्हा तिची आई भेटली. म्हणाली, "ताई, तुम्ही काय सांगितलंत हो पोरीला? तिचे अब्बा निघायच्या आधी फोनवर एकच सांगत होती, खिडकीचा फोटो काढा म्हणून." त्यांनी काढला होता. आईनं मोबाइल पुढे केला. खाली ढग, कडेला पंखाचं टोक आणि भोवती गोल कोपऱ्यांची खिडकी. काचेवर त्यांच्या बोटाचा ठसाही आलाय.