आभासी शेअर बाजार खेळाची रचना : भावनिर्मिती व गुणदान यांचा विचार

प्रस्तावना

मुंबई शेअर बाजाराची स्थापना १८७५ साली झाली. दीर्घकाळ तो शहरी व्यापाऱ्यांचा विषय राहिला. आज सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत वसलेल्या मैंदर्गीतील तरुणही मोबाईलवर खाते उघडून शेअर घेऊ शकतो. सोय वाढली, त्या प्रमाणात जाण वाढली असे मात्र म्हणता येत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले. खऱ्या पैशाला हात घालण्यापूर्वी बाजार समजून घेण्यासाठी आभासी खेळ उपयुक्त ठरतो. परंतु रचना चुकल्यास तोच खेळ जुगाराची सवय लावतो.

भाव कोठून घ्यावा?

बहुतेक आभासी खेळ प्रत्यक्ष बाजारातील भाव वापरतात. यात दोन अडचणी आहेत. पहिली, खेळाडूच्या खरेदी-विक्रीने भाव हलत नाही. त्यामुळे भाव कसा ठरतो हे कळत नाही. दुसरी, सेबीच्या २४ मे २०२४ च्या परिपत्रकाने, बाजाराच्या कामकाजासाठी वा नियमपालनासाठी आवश्यक ते अपवाद वगळता, चालू क्षणाचे भाव त्रयस्थांना देण्यास मनाई केली आहे. म्हणून भाव खेळातच निर्माण व्हावा, हे अधिक श्रेयस्कर.

दुधनीच्या बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्यास लिलाव नवा नाही. तेथे बोली खरेदीदार लावतो. शेअर बाजारात विक्रेताही आपली मागणी नोंदवतो. यास दुहेरी लिलाव म्हणतात. समजा, विक्रेत्यांनी ७९, ८१ व ८४ रुपये मागितले आहेत. त्यानंतर ८२ रुपयांची खरेदीची बोली आली, तर ती ७९ च्या विक्रेत्याशी जुळते आणि आधी नोंदवलेल्या ७९ रुपये या भावाने सौदा होतो. पुढची बोली ८० ची असल्यास सौदा होत नाही. कारण आता सर्वांत कमी मागणी ८१ आहे.

शेअरचे मूल्य

भाव व मूल्य यांतील भेद दाखवण्यासाठी व्हर्नन स्मिथ, सुचानेक व विल्यम्स यांच्या १९८८ च्या प्रयोगाचा आधार घेता येतो. त्यातील एका रचनेत १५ फेऱ्या होत्या व प्रत्येक फेरीअखेर ०, ८, २८ किंवा ६० यांपैकी एक लाभांश समान संभाव्यतेने मिळे. त्याची सरासरी २४. म्हणून आरंभी शेअरचे मूल्य ३६०, दुसऱ्या फेरीत ३३६ व शेवटच्या फेरीत २४. लाभांशाचे नियम सर्वांना ठाऊक असूनही अनेक सत्रांत भाव मूल्याच्या बराच वर गेला व अखेरीस कोसळला. त्याच खेळाडूंनी पुन्हा खेळल्यावर मात्र हा फुगवटा ओसरत गेला. वर्गात चिठ्ठ्या टाकून लाभांश काढता येतो. संगणकाचीही गरज नाही. तथापि एकाच गटाने हा खेळ किमान तीनदा खेळावा. एकदाच खेळल्यास हाती केवळ हार-जीत उरते.

गुणदान

केवळ अखेरच्या रकमेवर क्रमांक दिल्यास मागे पडलेला खेळाडू शेवटच्या फेरीत सर्व रक्कम एका डावावर लावतो. कारण खोटा पैसा बुडाल्याचे दुःख नसते. म्हणून पुढील तीन नियम आवश्यक वाटतात :

१) सौद्यापूर्वी त्याचे कारण एका वाक्यात लिहावे व निम्मे गुण त्यास द्यावेत.
२) प्रत्यक्ष बाजारातील दलाली व करांप्रमाणे प्रत्येक सौद्यावर शुल्क आकारावे.
३) उधारीवर खरेदीस परवानगी नसावी.

मैंदर्गी परिसरात मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. तेव्हा कारण लिहिण्यास दोन्हींची मुभा असावी.

निष्कर्ष

आभासी बाजाराचे यश विजेत्याच्या नफ्यात नसून, मूल्याहून अधिक भाव आपण का मोजला, हे खेळाडूस स्वतःच्या नोंदीत वाचता येण्यात आहे. ही चूक वहीत झाली तर घरची पुंजी वाचते.