झोपेतून उठवणारे भय

आपत्कालीन विभागात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. रात्रीचा एक वाजून गेलेला असतो. रिक्षा दाराशी थांबते आणि पस्तीस-चाळीस वर्षांचा एखादा गृहस्थ पत्नीच्या व भावाच्या आधाराने आत येतो. छाती धडधडत असते, अंगाला दरदरून घाम सुटलेला असतो, हातापायांना मुंग्या आलेल्या असतात. ‘डॉक्टर, मी आता वाचत नाही,’ एवढेच तो म्हणत राहतो. ‘जेवून व्यवस्थित झोपले होते हो, एकाएकी उठून बसले,’ असे पत्नी सांगते. ईसीजी काढला जातो, रक्तदाब पाहिला जातो, रक्त तपासणीस जाते. तासाभरात धडधड ओसरते आणि अहवालही निर्दोष येतात. ‘काही नाही, घरी जा,’ असे सांगून त्याला निरोप दिला जातो. आठवड्याभराने तोच गृहस्थ पुन्हा त्याच वेळी त्याच दाराशी उभा असतो.

‘काही नाही’ हे दोन शब्द आमच्याही तोंडी अनेक वर्षे होते, हे प्रथम कबूल केले पाहिजे. हृदयात काही नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो. रुग्ण मात्र त्याचा अर्थ दोनपैकी एका प्रकारे लावतो. एक तर डॉक्टरांना रोग सापडलेला नाही, किंवा आपण नाटक करतो असे सर्वांना वाटते. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि दोन्ही त्याला पुढच्या झटक्याकडे ढकलतात.

या विकाराला पॅनिक अटॅक, म्हणजे भयाचा झटका, असे म्हणतात. दिवसा येणारा झटका आता अनेकांना ऐकून माहीत आहे. झोपेत येणारा झटका तितका परिचित नाही. वास्तविक ज्यांना हा विकार आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांना केव्हा ना केव्हा रात्रीचा अनुभव येतो. काही मिनिटांतच भय शिगेला पोहोचते. धडधड, घाम, कंप, गुदमरणे, छातीत दुखणे, चक्कर, मुंग्या, मृत्यूची किंवा वेड लागण्याची भीती अशी एकूण 13 लक्षणे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत दिली आहेत. त्यांपैकी चार किंवा अधिक एकदम उसळली म्हणजे त्यास झटका म्हणावे असा संकेत आहे.

‘वाईट स्वप्न पडले असेल’ हे घरच्यांचे पहिले अनुमान असते. स्वप्ने प्रामुख्याने झोपेच्या ज्या अवस्थेत पडतात, ती पहाटेकडे वाढत जाते. हा झटका बहुधा झोप लागल्यापासून पहिल्या तीन तासांत, हलकी झोप गाढ होत असताना येतो. त्या वेळी स्वप्न नसते, त्यामुळे घाबरण्याचे कारण रुग्णाला सांगताच येत नाही. लहान मुले रात्री किंचाळून उठतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही, तो प्रकार वेगळा. छातीवर कोणी बसले आहे आणि हातपाय हलत नाहीत असे वाटणे हाही निराळा प्रकार आहे, त्यात जाग आलेली असली तरी शरीराचे स्नायू अजून झोपेत असतात. भयाच्या झटक्यात माणूस पूर्ण जागा असतो, उठतो, खिडकी उघडतो आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही सांगू शकतो. उशाशी अडकित्ता ठेवणे, दृष्ट काढणे, कांदा हुंगवणे हे उपाय आमच्याकडे येण्यापूर्वी बहुतेक घरांत होऊन गेलेले असतात. त्यांत आम्ही कोणाला दोष देत नाही. कारण दिसत नसेल तर माणूस कारण शोधतोच.

हा आजार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धातील सैनिकांच्या अशा धडधडीचे वर्णन जेकब डा कोस्टा या वैद्याने 1871 मध्ये केले होते. सिग्मंड फ्रॉइड यांच्या 1895 च्या लेखात रात्री भयभीत होऊन जागे होण्याचा उल्लेख आहे. डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 मध्ये असा विचार मांडला की, श्वास कोंडत असल्याची सूचना देणारी मेंदूतील यंत्रणा या रुग्णांत विनाकारण वाजते. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. इतरांना त्याचा पत्ता लागत नाही, पण संवेदनशील यंत्रणेला तेवढे निमित्त पुरत असावे. सर्वच झटक्यांचा उलगडा यातून होत नाही, तरी धूर नसताना वाजणारी आगीची घंटा ही उपमा रुग्णांना पटते.

घंटा वाजल्यावर पुढचे काम रुग्ण स्वतःच करतो. गुदमरल्यासारखे वाटते म्हणून तो भराभर श्वास घेऊ लागतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होऊन चक्कर येते, बोटे व ओठ बधिर होतात. त्यावरून ‘हा हृदयविकारच’ अशी त्याची खात्री पटते आणि भय आणखी वाढते.

आमच्या मते खरे नुकसान झटक्याने होते त्याहून अधिक झटक्याच्या धास्तीने होते. आमच्याकडे येणारे एक गृहस्थ, व्यवसायाने शिवणकाम करणारे, पाच महिने खुर्चीत बसून झोपत होते. दिवा लावलेला, दूरदर्शन संच चालू, दाराला कडी नाही, कारण रुग्णालयात न्यायला वेळ लागू नये. पुढे झोपेसाठी म्हणून मद्याचा एक पेला सुरू झाला. मद्याने झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते, आणि जागरणाने झटके वाढतात. दिवसा कात्री हातात धरवेना तेव्हा त्यांचे दुकान बंद पडण्याच्या बेतास आले. एवढ्या काळात त्यांचे ईसीजी अनेक वेळा काढले गेले होते. झोपेविषयी मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते.

तपासणी आवश्यक नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. रात्री दम लागून उठणाऱ्याला दमा, आम्लपित्त, थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास खंडित होण्याचा विकार, हृदयाची दुर्बलता किंवा अपस्मार असू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची साखर रात्री उतरू शकते. मोठ्याने घोरणाऱ्या स्थूल व्यक्तीबाबत तर आम्ही विशेष सावध असतो. या सर्वांची एकदा नीट तपासणी व्हावी. पण ती निर्दोष आल्यावर केवळ समाधानासाठी पुन्हा पुन्हा तपासण्या करीत राहणे म्हणजे आजाराला खतपाणी घालणे होय.

निदान झाल्यावर रात्री काय करावे, हे आम्ही रुग्णाला जोडीदारासमोर समजावून सांगतो. उठून बसावे, पण धावाधाव करू नये. ही खोटी घंटा आहे आणि ती ओसरणार आहे, असे स्वतःला सांगावे. श्वास आत ओढण्यापेक्षा तो सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही, कारण खरा दमा किंवा हृदयविकार असल्यास तो घातक ठरतो. भस्त्रिका, कपालभाती यांसारखे जलद श्वसन त्या क्षणी कटाक्षाने टाळावे. 2020 च्या साथीनंतर अनेक घरांत प्राणवायू मोजण्याचे यंत्र आले आहे. ते दर दोन मिनिटांनी बोटाला लावत बसल्याने मन धोक्याचीच वाट पाहू लागते. झोप परत येईना तर मंद प्रकाशात काहीतरी साधे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. सकाळी नेहमीच्याच वेळी उठावे.

घरच्यांनीही ‘घाबरू नकोस’ असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा शेजारी शांत बसून राहावे.

कायमचा गुण येतो तो उपचारांनी. बोधात्मक वर्तनोपचारात, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी म्हणतात, समुपदेशक रुग्णाला मुद्दाम मिनिटभर जलद श्वास घ्यायला किंवा जिना चढायला लावतात. तीच धडधड, तीच चक्कर येते आणि काहीही अघटित न घडता निघून जाते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर शरीराच्या त्या संवेदनांची दहशत उतरू लागते. औषधांत सर्ट्रालीनसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढूही शकते, ही गोष्ट आधी न सांगितल्यास रुग्ण चौथ्या दिवशी गोळी सोडतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तत्काळ आराम पडतो, परंतु त्यांची सवय लागते. जुन्या चिठ्ठीवर त्या वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण आमच्याकडे येतात, आणि त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

येथे देणगीदारांपुढे एक गोष्ट मांडावीशी वाटते. ईसीजी यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, समुपदेशनाच्या पाऊण तासावर ते कोरता येत नाही. तरीही या रुग्णांना आम्ही जे काही देऊ शकतो, त्यातला मोठा भाग त्या पाऊण तासातच आहे. मानसोपचाराची पाटी वाचून दारातून परतणारे लोक आहेत, म्हणून हा विभाग आम्ही सामान्य बाह्यरुग्ण विभागाच्याच ओळीत ठेवला आहे. शासनाची 14416 ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे. ती चोवीस तास व विनामूल्य असून तिथे मराठीतही बोलता येते.

छातीतले दुखणे हाताकडे वा जबड्याकडे सरकत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब असणाऱ्याला प्रथमच असा त्रास झाला असेल, तर भय की हृदयविकार याचा निवाडा घरी करीत बसू नये, 108 ला दूरध्वनी करावा. आणि अहवाल निर्दोष आल्यामुळे जो रुग्ण रात्री घरी परत जातो, त्याच्या हाती आता आम्ही दुसऱ्या दिवशीच्या तपासणीची वेळ लिहिलेली चिठ्ठी देतो.