खेळाच्या तासाला आपल्या मुली कुठे असतात?

बचतगटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, पासबुक यांचा हिशेब करतो. आज आम्ही एका वेगळ्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत. आपल्या मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतात. त्या तासांना सातवी-आठवीच्या मुली कुठे असतात, हे तुम्ही कधी विचारलंय का?

पुलगाव आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांत आम्ही समन्वयक म्हणून फिरतो, तेव्हा हा प्रश्न विचारतो. उत्तरं जवळपास सारखीच येतात. चौथीपर्यंत पोट्टी पोरांच्या बरोबरीनं धावते, लंगडी खेळते, झाडावरसुद्धा चढते. सहावी-सातवीपासून ती वर्गात बसते, नाहीतर मैदानाच्या कडेला मैत्रिणीची वेणी घालत बसते. का, म्हणून विचारलं की "तिला आवड नाही" असं सांगतात. आम्हाला हे पटत नाही. एकाच वर्षी वर्गातल्या सगळ्या मुलींची आवड एकदम कशी जाईल?

आधी बघू, हे पाहण्याची जबाबदारी कुणाची. आपल्या राज्यघटनेत खेळ हा विषय राज्य सरकारकडे दिलेला आहे. शिक्षण हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय आहे. महाराष्ट्रात सरकारचे कागद 'शालेय शिक्षण व क्रीडा विभाग' या एकाच नावानं निघतात, पण गावापर्यंत येताना त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट शाळेची: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, देवळीच्या पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग वर्ध्याला जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. पुलगाव शहरातली शाळा नगर परिषदेची असेल, तर नगर परिषद. दुसरी वाट स्पर्धांची: तालुका क्रीडा अधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी, नागपूरला विभागाचे उपसंचालक आणि पुण्याला क्रीडा आयुक्त. शाळा एका वाटेवर, स्पर्धा दुसऱ्या वाटेवर. मधे मुलगी राहते आणि तिच्याबद्दल कोणाला विचारायचं, तेच कळत नाही.

कायदा काय सांगतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीसाठी आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं ते लिहिलेलं आहे. मैदान हवं. मुलांना आणि मुलींना वेगवेगळं शौचालय हवं. वर्गाच्या गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य हवं. सहावी ते आठवीत शंभराच्या वर विद्यार्थी असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. पैशांची सोयही आहे. समग्र शिक्षा अभियानात २०१८ पासून खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. दरवर्षी शाळेची माहिती यू-डायसच्या प्रपत्रात भरून सरकारला जाते.

आता गंमत बघा. सरकार मैदान मोजतं, शौचालय मोजतं, साहित्य मोजतं. पण रोजच्या तासाला मैदानावर कोण उतरलं, हे त्या आकड्यांतून समजत नाही. मैदान 'आहे' असं लिहिलं की रकाना भरला. त्या मैदानावर वर्षभर फक्त पोरांचं क्रिकेट चाललं, तरी तो रकाना तसाच भरलेला राहतो. स्पर्धांचंही तसंच. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगटांत होतात आणि कबड्डी, खो-खो, धावणं यांत मुलींचे गट वेगळे असतात. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण एखाद्या शाळेनं मुलांचा कबड्डी संघ देवळीला नेला आणि मुलींचा नेलाच नाही, तर "मुलींचा संघ कुठे आहे?" असं त्या शाळेला दारात कोणी विचारत नाही.

मुली मागे का राहतात, यावर आपल्या बैठकांत खूप बोलणं झालं आहे. पहिली गोष्ट पाळीची. शौचालय असतं, पण कुलूप लावलेलं, नाहीतर आत पाणी नाही. अशा शाळेत पाळीच्या दिवसांत मुलगी धावणार कशी? ती घरी राहते, नाहीतर वर्गातल्या बाकावरून उठत नाही. २०१८ साली अस्मिता योजनेत ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट शाळकरी मुलींपर्यंत पोचवायचं काम बचतगटांकडेच आलं होतं, त्यामुळे हा विषय आपल्याला नवा नाही. पण पॅड मिळालं तरी बदलायला जागा आणि टाकायला डबा लागतोच. म्हणून आम्ही म्हणतो, मुलींच्या खेळाची तपासणी मैदानापासून नाही, शौचालयाच्या दारापासून सुरू करा.

दुसरी गोष्ट कपड्यांची. ओढणी सांभाळत खो-खोचा खांब कसा गाठणार? मुलांना हाफ पँट चालते आणि मुलीनं ट्रॅक पँट मागितली की घरात बोलणी होतात. शाळेचा गणवेश शिवण्याचं काम २०२४-२५ साली महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत गटांकडे आलं होतं. त्यानंतर गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. समितीत बसणाऱ्या बायांनी मुलींसाठी खेळाचा वेगळा जोड मागितला तर तो शिवायला गावातच हात आहेत.

तिसरी गोष्ट कामाची, आणि ही आपल्या घरातली आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत चालतात. तेव्हाच वावरात निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी. आई वावरात गेली की धाकट्याला सांभाळायला, भाकरी टाकायला कोण थांबतं? पोरगा सरावाला जातो आणि पोरगी थांबते. शाळा सुटल्यावरचा सराव तर मुलीच्या वाट्याला येतच नाही. म्हणून सराव शाळेच्या वेळेत ठेवावा, ही मागणी मुलींसाठी फार मोलाची आहे.

आणि मग "काळी पडशील", "हातपाय मोडला तर लग्न कोण करेल", "अंगात रक्त नाही, धावते कशाला" ही वाक्यं. रक्ताचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्ताची कमतरता आढळली. पण त्यावर उपाय शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि पोटभर जेवण हा आहे. तिला कडेला बसवून रक्त वाढत नाही.

यात काय जातं, तेही मोजायला हवं. पाटी, गोळा, दोरी एवढ्यापुरता हा विषय नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना नियमाप्रमाणे सवलतीचे वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. हे सगळं शालेय आणि संघटनांच्या स्पर्धांच्या जिन्यावरून चढतं, आणि त्या जिन्याची पहिली पायरी तालुका आहे. जी मुलगी तालुक्याला गेलीच नाही, तिच्यासाठी गुणही नाहीत आणि आरक्षणही नाही.

सारिका काळे हे नाव ऐकलं असेल. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, फार गरीब घरातली मुलगी. लहानपणी एक वेळच्या जेवणावर दिवस काढल्याचं तिनं स्वतः सांगितलं आहे. तेरा वर्षांची असताना ती खो-खोकडे वळली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तिथंच ती तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबरही आधी खो-खो खेळायची. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ती अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. सगळ्या मुली ऑलिम्पिकला जाणार नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सारिकाला तेराव्या वर्षी कडेला बसवलं असतं तर आज ती कुठे असती, एवढंच मनात आणून बघा.

बाहेरच्या देशांत हे कसं बघतात? अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. ज्या शाळा-कॉलेजला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथं मुलगी म्हणून कोणाला मागे ठेवता येणार नाही, असं त्यात होतं. त्याच्या मूळ वाक्यात खेळाचं नावसुद्धा नव्हतं. पण शाळेचा खेळ हाही शिक्षणाचाच भाग, म्हणून १९७५ च्या नियमांत खेळ आला. कायद्याच्या आधी तिथल्या हायस्कुलांत संघात खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. पुढे त्या तीस लाखांच्या वर गेल्या. भांडणं तिथंही झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आजही होतात. पण आम्हाला त्यातली एक छोटी गोष्ट फार आवडली. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१४ साली कायदा करून शाळांना सांगितलं की दरवर्षी आकडे लोकांसमोर ठेवा: शाळेत मुली किती आणि मुलं किती, त्यांतले खेळात किती उतरले, आणि मुलींचे संघ किती, मुलांचे किती. तीन आकडे. याला ना मोठा पैसा लागतो, ना मोठा साहेब.

हे तीन आकडे आपल्या शाळेत मागायला आपल्याला मुंबईची वाट बघायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बायका असतात. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या समितीत आहेत. सही करायला बोलावलं की जाता, चहा घेता आणि परत येता. पण शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे कायद्यानं त्या समितीचं काम आहे. मिळालेल्या अनुदानाचा खर्च पाहणंही तिचंच काम. खेळाचं अनुदान आलं का, त्यातून काय घेतलं, आणि ते साहित्य कपाटात आहे की मुलींच्या हातात, हे बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. विकास आराखड्यात मुलींच्या शौचालयाचं पाणी आणि मुलींचा एक खो-खो किंवा कबड्डी संघ, एवढी दोन कामं घाला.

गुरुजींना आरोपी करून बोलू नका. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती सांभाळून मैदान बघायचं असतं. त्यांना माणसं द्या. गटातली एखादी ताई शाळेत असताना कबड्डी खेळलेली असतेच. सरावाच्या वेळी तिनं मैदानाशी उभं राहिलं तर मुलीही येतात आणि आयाही पाठवतात. स्पर्धेला बाहेरगावी जाताना मुलींसोबत बाई असलीच पाहिजे, हा आग्रह मात्र सोडू नका. शर्यतीपेक्षा पालकांना त्या प्रवासाचीच धास्ती जास्त असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सोबत जाणाऱ्या ताईचा खर्चही फार होत नाही. शाळेत सखी सावित्री समिती असते, तिचं कामच मुलींसाठी शाळा सुरक्षित आणि बरोबरीची ठेवणं हे आहे. मैदानावर कोणी वाईट वागलं, बोललं, तर गप्प बसू नका. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

पैसा कमी पडला तर ग्रामपंचायतीकडे चला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं मुलींच्या खेळाच्या साहित्याचा ठराव मांडा. महिला सभेत दहा जणी असतील तर विषय तिथंच संपतो. पन्नास जणी असतील तर सरपंच स्वतः ऐकायला थांबतात, हा आमचा अनुभव.

एवढं करूनही शाळा दाद देत नसेल, तर कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. माहितीच हवी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये फी, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तर ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. पण आधी साधा अर्ज करून बघा. वही-पेन असेल तर लिहून घ्या:

"मा. मुख्याध्यापक तथा सचिव, शाळा व्यवस्थापन समिती यांस. आम्ही खाली सही करणाऱ्या पालक विनंती करतो की, या वर्षी शाळेत मुली किती व मुले किती, शारीरिक शिक्षणाच्या तासाला व स्पर्धांत त्यांपैकी किती जणींनी व किती जणांनी भाग घेतला, आणि मुलींचे व मुलांचे संघ किती, ही माहिती शाळेच्या फलकावर लावावी व समितीच्या पुढील बैठकीत विषय म्हणून घ्यावी."

खाली सह्या आणि तारीख. अर्जाच्या दोन प्रती करा, एक शाळेत द्या आणि दुसरीवर शाळेचा शिक्का व आवक क्रमांक घेऊन ती गटाच्या फाईलमध्ये लावा.